तिसावा हात

बापू गेल्याची तार आली तेव्हा मी चौथीच्या वर्गात त्रैराशिक शिकवत होते. शिपायानं दारातूनच पाकीट पुढं केलं, माझ्याकडे न बघता. तार देणारा माणूस आपल्याकडे बघायचं टाळतो तेव्हा आत काय आहे ते वाचायची गरजच उरत नाही. तरी मी वाचली. घडी घातली, कमरेला खोचली आणि फळ्यावरचं गणित पुरं केलं. पाच मजुरांना भिंत बांधायला बारा दिवस लागतात, तर सहा मजुरांना किती? दहा. दहा लिहून मी खडू ठेवला, मुलींना पाढे लिहायला सांगितले आणि मोठ्या बाईंच्या खोलीकडे निघाले... त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. नंतर मुली घरी जाऊन म्हणाल्या म्हणे की आमच्या बाई दगडाच्या आहेत. म्हणोत बापड्या. मध्येच गणित सोडून उठले असते तर बापूला आवडलं नसतं, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं.

परीक्षेचे पेपर तपासायला तो पुण्याला गेला होता. तिथं तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी संपलं. मी गाडीनं पोचले तोवर त्याच्या सोबतच्या मास्तरांनी सगळं उरकलं होतं. त्यांनी माझ्या हाती त्याचं धोतर, चष्मा आणि तपासून झालेल्या पेपरांचा गठ्ठा दिला. गठ्ठा मी परत केला. बेचाळिसाव्या वर्षी एखादा माणूस इतक्या झटपट कसा आवरतो, हे मला अजून कळलेलं नाही. या गोष्टीला आता दोन महिने होऊन गेले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. त्याचे विद्यार्थी लिहितील, शाळेतले सहकारी लिहितील, तो किती चांगला शिक्षक होता ते सांगतील. पण एक गोष्ट माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि ती सांगायची राहून गेली तर त्याचं माझ्यावरचं ऋण मी गिळल्यासारखं होईल.

बापू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आले तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि आमची आई अंथरुणाला खिळलेली होती. आई गेल्यावर त्याला मीच वाढवलं. पुढं त्यानं माझी परतफेड केली ती अशी, की स्वतः इंग्रजी शिकता शिकता रोजचा धडा घरी येऊन मला शिकवायचा. मी चुकले की डोक्यावर टपली मारायचा आणि मग मोठ्या बहिणीला मारलं म्हणून पाया पडायचा. मी पुण्याला जाऊन शिक्षिका झाले, तो बी. एस्सी. झाला, आणि दोघंही सोलापुरात परत येऊन एकाच घरात राहिलो. तो मुलांच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचा, मी मुलींच्या शाळेत सगळंच. लग्नाचा विषय कुणी काढला की तो म्हणे, "घरात आधीच एक मास्तरीण आहे, दुसरी कशाला?" मी त्याला चार ठिकाणच्या पत्रिका आणून दाखवल्या. त्यानं त्या पत्रिकांच्या पाठीवर प्रयोगांच्या आकृत्या काढल्या.

त्याच्या सदऱ्याच्या बाह्यांना तेजाबाची भोकं असत आणि ती मला रफू करावी लागत. घरातल्या प्रत्येक बरणीवर तो चिठ्ठी चिकटवायचा. लोणच्याच्या बरणीवर "कैरी, भरल्याची तिथी अमुक, मीठ किती" आणि शेंगाच्या चटणीच्या बरणीवर तर "तिखट, जपून" असं. मी एकदा वैतागून त्याच्या पाठीवर चिठ्ठी लावली होती, "बापू, जन्मल्याची तिथी अमुक, उपयोग काय ते अजून ठाऊक नाही." तशीच पाठीवर घेऊन तो शाळेत जाऊन आला. वर्गातली पोरं हसली तेव्हा त्यानं म्हणे त्यांना विचारलं, निरीक्षण बरोबर आहे की नाही ते सांगा.

आमच्या पेठेतल्या दत्ताच्या देवळाला नवी घंटा हवी होती. लोकांनी घरोघरची फुटकी तांब्याची भांडी दिली आणि घंटा ओतायचं काम मलकप्पाकडे आलं. मलकप्पा मूळचा वळसंगचा, जातीचा ओतारी. गिरण्यांच्या भिंतींपलीकडे ओढ्याकाठी त्याची शेड होती. गिरणीच्या यंत्रांचे पितळी तुकडे ओतून तो पोट भरायचा आणि वर्षात एखादी घंटा, समई करायचा. घरात कानडी, बाहेर मराठी. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून तो मला फार मानायचा.

तांबं वितळलं की त्यात हिरवी, ओली निंबाची काठी घालून ढवळायची ही या लोकांची पिढीजात रीत. काठी आत गेली की तांबं खदखदतं, फुसफुसतं, वर ठिणग्या उडवतं, आणि त्याचा कस सुधारतो. त्यानंतर कथील घालायचं आणि साच्यात ओतायचं. मलकप्पाचा बाप पाच-सात वेळा काठी फिरवून थांबायचा, असं मलकप्पा सांगे. पण ही पडली देवाची घंटा. पेठेतल्या कुणीतरी काढलं की काठीला प्रत्येक घरचा हात लागला तर पुण्य सगळ्यांना. झालं. त्या सकाळी गिरणीचा आठचा भोंगा होऊन गेला तरी शेडसमोर रांग संपेना. लांब काठीला ओलं फडकं गुंडाळलेलं, पुढं लाल-पांढरी मूस, आणि एकेक जण येतोय, नाव घेतोय, काठी फिरवतोय, घाम पुसत बाजूला होतोय. काठी जळून आखूड झाली की दुसरी हिरवी काठी. दोनदा मलकप्पा म्हणाला, "आता बास की. लई ढवळलं." पण पुण्याच्या रांगेत मध्येच कुणाला परत पाठवणार?

मी लांब, पिंपळाच्या पारापाशी उभी होते. आमच्यासारख्यांनी असल्या वेळी पुढं व्हायचं नसतं हे मला कुणी सांगायला नको होतं. पण मलकप्पाची नजर माझ्यावर गेली आणि तो तिथूनच ओरडला, "बाई, तुमी बी या की! माज्या पोरीला अक्षर दिलं तुमी, तुमचा हात नगं व्हय?" सगळ्या माना वळल्या. मी नाही म्हणायला हवं होतं. पण कोण जाणे, कधी कुणी बोलावलेलं नव्हतं म्हणून असेल, मी गेले. काठी धरली, तीनदा फिरवली. तोंडावर आलेली ती धग मला अजून आठवते. मी रांगेतली शेवटची, तिसावी.

दुसऱ्या दिवशी साचा फोडला. घंटेचा माथा फुगून वर आला होता, ओठ देवीच्या व्रणांनी भरलेल्या चेहऱ्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा. मलकप्पानं लाकडाचा टोला दिला, तर फुटक्या माठावर बोट वाजवावं तसा आवाज आला. तो मटकन खाली बसला आणि आपल्या धंद्यातला शब्द बोलून गेला, "तांबं पोटुशी राहिलं." पोटात काही धरून फुगलेल्या तांब्याला ओतारी लोक असंच म्हणतात. त्याच्या मनात काही नव्हतं. पण शब्द बाहेर पडला तो देवळाजवळच्या गोदूकाकूंच्या कानावर पडला, आणि गोदूकाकूंच्या कानावर पडलेली गोष्ट पेठभर व्हायला दिवेलागण पुरत असे. विधवेनं हात लावला आणि तांबं पोटुशी राहिलं! इतकं तयार वाक्य आयतं मिळाल्यावर कोण सोडेल? बायका ते तोंडावर पदर धरून बोलायच्या, पुरुष खाकरून. दोन मुलींची नावं माझ्या वर्गातून निघाली.

खरं सांगते, मला त्यांचा राग आला नाही. मला ते पटलं होतं. मी शाळेत मुलींना पृथ्वी गोल आहे म्हणून शिकवत होते, पण लहानपणापासून जे अंगात मुरलं होतं ते भूगोलानं निघालं नव्हतं. माझ्या हातानं देवाची घंटा मुकी झाली, असं मला मनापासून वाटलं. त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. बापू शाळेतून आला, अंधाऱ्या स्वयंपाकघरात माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याला बाहेरच सगळं कळलं होतं. मला वाटलं, आता जवळ बसेल, काही समजुतीचं बोलेल... तर हा विचारतो, "अक्का, काठी ओली होती का गं?"

मला असा संताप आला! मी म्हटलं, "इथं माझी अब्रू गेली आणि तुला काठीचं पडलंय?"

"ओली होती का, ते सांग."

"हिरवीच होती. आत्ता तोडलेली. चार काठ्या लागल्या."

"चार!" तो म्हणाला, आणि शिळी भाकरी आणि चटणी घेऊन तिथंच खाली बसून खायला लागला. खाता खाता म्हणाला, "मलकप्पाचा शब्द चोख आहे. पोटात काहीतरी आहेच. काय आहे तेवढं बघायला हवं." मी त्याला उलथनं फेकून मारलं. तो हुकवून हसला. त्या दोन दिवसांत त्या घरात झालेलं ते पहिलं हसणं.

मग सहा-सात महिने त्याचे रविवार मलकप्पाच्या शेडमध्ये गेले. मलकप्पा आधी घाबरून होता. घंटा बिघडली म्हणून त्याची गिऱ्हाइकं तुटत चालली होती आणि वर हा मास्तर रोज नवं काहीतरी मागत होता. बापू लहानशा मुशीत शेरभर तांबं वितळवायचा. एकदा हिरव्या काठीनं नुसतं तीनदा ढवळून ओतायचं. एकदा हिरव्याच काठीनं तासभर. एकदा भट्टीशेजारी भाजून काळी कोळशासारखी केलेली काठी वापरून. एकदा तर त्यानं शाळेतून जस्ताचे तुकडे आणि तेजाब नेलं, त्यातून निघणारा हायड्रोजन, म्हणजे पाण्यातला तो हलका वायू, मातीच्या नळीनं थेट वितळलेल्या तांब्यात सोडला. भडका उडून त्याची एक भुवई गेली. मलकप्पाची बायको कानडीत काय ओरडली ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. थिजलेले गोळे तो करवतीनं मधोमध कापायचा, फडक्यात गुंडाळून घरी आणायचा आणि माझ्यापुढं ओळीनं मांडायचा. भाजलेल्या काठीचा गोळा मध्ये खोलगट बसलेला, कापल्यावर आत घट्ट, गुळगुळीत. तासभर ढवळलेला फुगलेला, आत मुंग्यांच्या वारुळासारखा पोकळ. आणि नळीतून वायू सोडलेला गोळा कापला तर तो हुबेहूब त्या फुगलेल्याचा जुळा भाऊ.

"हे बघ," चुलीवरच्या पातेल्याकडे बोट करून तो म्हणाला. "पाणी तापायला लागलं की आधी बारीक बुडबुडे निघतात. पाण्यात विरघळलेली हवा ती. पाणी तापलं की हवेला बाहेर काढतं. धातूचं उलटं असतं. तांबं जितकं जास्त तापेल तितका जास्त हायड्रोजन पोटात घेतं. ओल्या लाकडातल्या पाण्याची वाफ होते, वाफेतला प्राणवायू वेगळा होतो आणि हायड्रोजन तांब्यात विरघळून जातो. वितळलेलं आहे तोवर कुणाला पत्ता नाही, तांबं छान झळकतंय. पण थिजायला लागलं की आत जागा उरत नाही. मग तो बाहेर पडायला बघतो. पडला तो पडला, राहिला त्याची भोकं."

"मग तुझ्या ओताऱ्यांच्या बापजाद्यांनी ओली काठी काढली तरी कशाला?"

"बरोबर काढली. तांब्याला हवेतला प्राणवायू लागला की ते ठिसूळ होतं. ओल्या काठीनं तो निघून जातो. पण तो असतो तोवर हायड्रोजनला आत फारसा थारा मिळत नाही. प्राणवायू संपला आणि तुम्ही ढवळतच राहिलात की दार उघडं. मलकप्पाचा बाप सात फेऱ्यांवर थांबायचा ते उगीच नाही. पुण्य थांबलं नाही, म्हणून घंटा बिघडली."

त्याच सुमारास त्यानं मला आणखी एक सांगितलं. हायड्रोजनचे कण एरवी जोडीजोडीनं हिंडतात. पण धातूत शिरताना जोडी फुटते, एकेकटा कण आत जातो. म्हणून वायूचा दाब चौपट केला तर आत जाणारा वायू चौपट होत नाही, दुप्पटच होतो. आणि धातू थिजताना ते पुन्हा जोडी जमवतात, ती जोडी आतच अडकते आणि भोक पडतं. मी पीठ मळत होते. माझे हात थांबले. मी म्हटलं, "म्हणजे एकटा असतो तोवर तो कुणाला नडत नाही?" तो कागदावर काहीतरी खरडत होता, मान वर न करता म्हणाला, "धातूला तरी नाही." आणि मग एकदम वर बघितलं, आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्या दिवशी भाकरी त्यानं थापली. जाड, वाकडी, पण थापली.

एक दिवस मी धीर करून विचारलं, "बापू, म्हणजे माझ्या हातानं काहीच झालं नाही ना?" मला वाटलं, तो म्हणेल, मुळीच नाही, तू निर्दोष आहेस. तो नाही म्हणाला तसं. त्यानं नीट विचार केला आणि म्हणाला, "झालं की. तिसाव्या भागाचं झालं. तू तीनदा काठी फिरवलीस, तितकी वाफ तुझ्या नावची. गोदूकाकूंनी जास्त फिरवली, त्यांचा वाटा जास्त."

लोक आयुष्यभर मला सांगत आले की तुझं नशीबच तसं, किंवा चांगले असले तर, तुझा काही दोष नाही गं. चार माणसांसारखा चार माणसांइतका दोष मला कुणी दिला नव्हता. मी आतल्या खोलीत जाऊन पोटभर रडले. ते रडणं सुखाचं होतं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. इथं सांगते.

बापूनं देवळाच्या पंचांपुढं ते कापलेले गोळे मांडले, आणि बिघडलेली घंटा फोडून पुन्हा ओतायचं ठरलं. या वेळी एकच भाजलेली काठी, कोळसाही भाजून कोरडा केलेला. आदल्या दिवशी बापू म्हणाला, "अक्का, उद्या यायचं. मलकप्पानंतर काठी तू धरायचीस. बाकी कुणी नाही. मी पंचांना सांगितलंय." पंचांनी तोंड वाकडं केलं होतं, पण हो म्हटलं होतं. सकाळी तो उंबऱ्यात उभा राहून वाट बघत होता. मी नेसून तयार होते... आणि माझे पाय उचलेनात. सगळं कळत होतं. ते गोळे मी हातात धरून पाहिले होते. पण उद्या ही घंटाही मुकी निघाली तर? मी म्हटलं, "डोकं दुखतंय, तू जा." त्यानं माझ्याकडे बघितलं, चपला घातल्या आणि गेला.

घंटा काय सुरेख झाली! तिसऱ्या गल्लीत आमचं घर, तिथं मागीलदारी बसून मला तिचा नाद ऐकू आला. आणि गोदूकाकू काय म्हणाल्या ते सांगायलाच नको. "बघा, या खेपेला तिचा हात नव्हता. झाली की नाही चांगली?"

बापू माझ्यावर कधी चिडला नाही, त्या दिवशी चिडला. घरात येरझारा घालत म्हणाला, "काठी बदलली आणि हातही बदलला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काही सिद्ध होत नाही, अक्का! आता मी त्यांना काय दाखवू? मला तुझा हात हवा होता, आणि तू डोकं दुखवून घेतलंस!" थोड्या वेळानं शांत झाला. माझ्यासमोर बसून म्हणाला, "लोकांचं जाऊ दे. तुला तरी पटलंय का?" मी हो म्हटलं. त्याला कळलं की मी खोटं बोलते आहे. त्याला माझं सगळं कळायचं.

त्यानं हे सगळं इंग्रजीत लिहून विलायतेच्या एका शास्त्रीय मासिकाला धाडलं. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं की यातलं बहुतेक तिकडच्या लोकांना आधीच ठाऊक आहे. मी हिरमुसले. तो मात्र पत्र घेऊन नाचत आला. "अक्का, त्यांनाही असंच दिसलं! अगदी असंच!" दूरदेशीच्या नातेवाइकाचं खुशालीचं पत्र यावं, इतका आनंद झाला होता त्याला. मी म्हटलं, अरे, पण शोध तुझा कुठं राहिला? तो म्हणाला, "मला शोध कुठं लावायचा होता? खरं आहे का, एवढंच बघायचं होतं."

त्यानंतर दरवर्षी, दत्तजयंती झाली की, तो एकदा विचारायचा. "जाऊ या का शेडवर? एक लहानशी घंटा. काठी भाजलेली, हात तुझा. बस." आणि मी दरवर्षी म्हणायचे, पुढल्या वर्षी. कधी परीक्षा जवळ आलेल्या असत, कधी पापड करायचे असत. तो हट्ट करत नसे. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, चार गेली. माझं पटलं होतं, नव्हतंही. आज वाटतं, एका सकाळपुरतं धाडस केलं असतं तर काय बिघडलं असतं? घंटा मुकी निघाली असती तरी शेजारी तो उभा होता. काय झालं, का झालं, ते त्यानं शोधून काढलं असतं. आता घरात सगळं जागच्या जागी आहे. कैरी या वर्षीही आली, लोणचं घातलं, बरणी कोरी आहे. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की कान दाराकडे लागतात. सवय वाईट. बापू, मला तू हवा आहेस, याहून वेगळं काही मला लिहिता येत नाही.

मागच्या आठवड्यात मलकप्पा भेटायला आला. म्हातारा झालाय. ओट्यावरच बसला. मग म्हणाला, "मास्तर पुण्याला जायच्या आदी आलते माज्याकडं. म्हनले, अक्का कवाबी आली तर भट्टी पेटव, माजी वाट बगू नगंस." मी विचारलं, असं का म्हणाला? "मला काय ठावं, बाई. त्ये तसंच बोलायचे."

मी आत गेले, बापूचं अंघोळीचं तांब्याचं घंगाळ उचललं आणि त्याच्यापुढं ठेवलं. वर्षभर ते बुडाशी गळत होतं. मलकप्पानं ते उलटंपालटं करून बघितलं आणि डोक्यावर घेतलं.

रविवारी सकाळी मी गेले. एकटीच गेले. आठ दिवस आषाढाचं आभाळ धरून होतं, हवा दमट. मलकप्पाची बायको भात्यावर होती. घंगाळ वितळताना मी नजर काढली नाही. काठी काळीकुट्ट भाजलेली, हातात हलकी. मी ती धरली, सात वेळा फिरवली आणि थांबले. फारसं फुसफुसलं नाही. मलकप्पानं कथील घातलं, ओतलं. आमच्या शाळेत घंटेऐवजी रुळाचा तुकडा बडवतात, तिथं टांगायला पुरेल एवढी घंटा.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर साचा फोडला. माथा छान खाली बसलेला होता. मलकप्पानं घंटा फिरवली आणि त्याचा हात थबकला. ओठाच्या एका बाजूला, वीतभर जागेत, टाचणीनं टोचल्यासारखी भोकं. दुसरी बाजू आरशासारखी. त्यानं टोला दिला. नाद होता, पण कडेला चिरकत होता. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. त्याच्या बायकोनं कपाळाला हात लावला आणि दोघं माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागली की आता ही बाई मरते. मी वाट बघत होते की ते जुनं काहीतरी पोटातून वर येईल. आणि माझ्या तोंडून निघालं ते हे, "मलकप्पा, ओतायच्या आधी हा साचा कुठं ठेवला होतास रे?"

"हितंच की. भितीला टेकवून."

"कुठली बाजू भिंतीकडे होती?"

त्यानं साच्याचे तुकडे जुळवले. भोकांची बाजू भिंतीकडची. भिंत पावसाळी हवेनं ओलसर, हात लावला तर गार लागत होती. मी भाजलेल्या मातीचा तो तुकडा गालाला लावून पाहिला. बाहेरच्या अंगाला अजून ओल होती. तोच वायू, दुसऱ्या दारानं आत आलेला. मला एवढा आनंद झाला की मी "बापू" म्हणून मागे वळले... मागे भाता होता, आणि भात्यापाशी मलकप्पाची बायको.

थोड्या वेळानं मी डोळे पुसले आणि म्हटलं, "फोडून टाक. पुढल्या रविवारी परत ओतायची. साचा तेवढा कोरडा करायचा. बाकी काही बदलायचं नाही. तीच काठी, तेच तांबं, त्याच फेऱ्या."

"आन् हात?" मलकप्पानं हळूच विचारलं.

"हात माझाच."